"सगळे तसलेच" म्हणण्याआधी



निवडणूक जवळ आली की गटाच्या बैठकीतही तिच्या गप्पा निघतात. निघायलाच पाहिजेत. 1993 पासून पंचायतीत आपल्याला राखीव जागा आहेत, आणि 2011 पासून महाराष्ट्रात त्या निम्म्या झाल्या. मग राजकारणावर आपण नाही बोलायचं तर कुणी?

पण बोलता बोलता एखादीच्या तोंडून जातं, "त्या वस्तीतली माणसं ना, पैशाला मत विकणारी!" बोलणारीच्या मनात एखादा पुढारी असतो. पण त्याच वस्तीतली मैत्रीण शेजारी सतरंजीवर बसलेली असते. ती काही बोलत नाही. बचत भरते आणि उठून जाते. पुढच्या बैठकीला निरोप येतो, "काम आहे."

जरा विचार करू. मतदान गुप्त असतं. मोजणीत कळतं ते एवढंच, की कोणत्या केंद्रावर कुणाला किती मतं पडली. समजा, एका केंद्रावर 600 मतं पडली आणि त्यातली 400 एकाला मिळाली. लगेच गावभर होतं, "ती वस्ती त्याचीच." मग उरलेली 200 मतं कुणाची? आणि त्या 400 जणांनी पाण्यासाठी मत दिलं, रस्त्यासाठी की नात्यासाठी, हे मोजणीत कुठं दिसतं?

असं बोलणं आपणही सोसलंय. "बाई सरपंच म्हणजे सहीपुरती, कारभार नवऱ्याचा." 2024 मध्ये लाडकी बहीण योजना आल्यावर "बायका दीड हजाराला विकल्या" असंही म्हणणारे होतेच. तेव्हा कसं लागलं होतं, आठवा.

मग बोलायचं कसं?

1. माणसांवर नाही, कामावर बोला. "ते लोक खातात" याला उत्तर नसतं. "पाणी योजनेचा हिशोब ग्रामसभेत का मांडला नाही?" याला उत्तर द्यावं लागतं.

2. पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं ठेवा. गटाच्या वहीत आपण ऐकीव आकडा लिहितो का?

3. कुणी "सगळे" म्हणाली तर हळूच विचारा, "सगळे म्हणजे कोण गं?"

4. बोलून गेलंच, तर जिथं बोललात तिथंच, सगळ्यांसमोर शब्द मागे घ्या. "तुला नव्हतं म्हटलं" एवढ्यावर भागत नाही. तिची माणसं त्यात राहिलीच ना!

निवडणूक पाच वर्षांनी येते, बैठक दर आठवड्याला असते. रात्री-अपरात्री लेकराला दवाखान्यात न्यायचं झालं तर धावून येते ती गटातलीच मैत्रीण. तिनं मत कुणाला दिलं, हे तेव्हा आपण विचारत नाही.

जी मैत्रीण दोन बैठका आली नसेल, तिच्या घरी या आठवड्यात एकदा जाऊन या.