रोशा : खानदेशी गवतातला गुलाब

पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांनी खानदेशातली असंख्य कुटुंबे इकडे आणली. आमच्या कासारवाडीतही ती आहेत. त्यांच्या वडीलधाऱ्यांना विचारा, गुडघेदुखीवर चोळायचे ‘रोशाचे तेल’ त्यांना आठवते. ते ज्या गवताचे, ते धुळे-नंदुरबारच्या डोंगरउतारावर आपोआप उगवते. चुरगळले की हाताला गुलाबाचा वास येतो.

1880 च्या खानदेश गॅझेटियरमध्ये या तेलाच्या धंद्याची नोंद आहे. पिंपळनेर, नंदुरबार, तळोदा या भागात भट्ट्या लागत. हंड्यात गवत आणि पाणी घालायचे, झाकण लिंपून बंद करायचे आणि वाफ नळीने थंड पाण्यातल्या भांड्यात उतरवायची. वर तरंगते ते तेल. शंभर किलो हिरव्या गवतातून ते जेमतेम अर्धा किलो निघते.

गवताला गुलाबाचा वास कसा? रोशाच्या तेलात सुमारे 75 ते 85 टक्के जिरॅनिऑल असते आणि हाच पदार्थ गुलाबाच्या अत्तरातही असतो. रसायनशास्त्रात जिरॅनिऑल ‘अल्कोहोल’ वर्गात मोडते. हा शब्द ऐकून घाबरू नये. वर्गात मुलांना आम्ही हेच सांगतो, की अल्कोहोल हे एका मोठ्या घराण्याचे नाव आहे. दारूतले इथेनॉल त्यातले एक, जिरॅनिऑल दुसरे. जिरॅनिऑलने नशा येत नाही.

याच गुणामुळे लबाडीही झाली. एक किलो गुलाबतेलाला तीन ते पाच हजार किलो पाकळ्या लागतात. मग मुंबईहून तांबड्या समुद्रामार्गे गेलेले रोशाचे तेल कॉन्स्टँटिनोपलला ‘तुर्की जिरेनियम’ म्हणून विकले जाई आणि बल्गेरियाच्या गुलाबतेलात मिसळले जाई. रोशा म्हणून विकले तर तो हलाल व्यापार, गुलाब म्हणून विकले तर फसवणूक. धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा दाखवून देणाऱ्या प्रेषितांची (स.) उम्मत आहोत आपण. म्हणून ईदला स्वस्त ‘गुलाब’ घेताना दुकानदाराला जरूर विचारावे, यात नेमके काय आहे?

रोशाचे भाऊबंद आपल्या ओळखीचे आहेत. गवती चहा त्याच कुळातला, पण त्याच्या तेलात सिट्रल जास्त, म्हणून वास लिंबाचा. अरबस्तानातले इज़्ख़िरही त्याच कुळातले. मक्का विजयाच्या वेळी तिथले गवत-झाड तोडण्यास मनाई झाली, तेव्हा हजरत अब्बास (रजि.) यांनी इज़्ख़िरची सवलत मागितली, कारण ते लोहारांना आणि घरांना लागत असे. प्रेषितांनी (स.) ती दिली. मात्र इज़्ख़िर आणि रोशा एकच नव्हेत. एकाचे गुण दुसऱ्याला चिकटवू नयेत.

आता औषधाचे. सांधेदुखी, कंबरदुखीवर चोळण्यासाठी रोशाचे तेल पूर्वापार वापरात आहे. प्रयोगशाळेत जिरॅनिऑल अनेक जिवाणू आणि बुरशींची वाढ रोखते, डासांनाही दूर ठेवते. पण काचेच्या बशीत बुरशी मरणे वेगळे आणि माणसाचा आजार बरा होणे वेगळे. चोळल्याने आराम वाटला तरी झिजलेला सांधा त्याने भरून येत नाही.

वापरायचेच तर चमचाभर खोबरेल किंवा तिळाच्या तेलात दोनच थेंब घालावेत. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबावे. जिरॅनिऑलची काहींना ॲलर्जी असते, म्हणून युरोपात ठराविक प्रमाणापुढे त्याचे नाव वेष्टनावर छापावेच लागते. हे तेल पिऊ नये, डोळ्यांजवळ नेऊ नये, तान्ह्या बाळाला लावू नये. गरोदर भगिनींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. सांधा सुजला, तापला असेल तर बाटली बाजूला ठेवून दवाखाना गाठावा.

पुढच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा मुलांना डोंगरावरचे हे गवत दाखवा, पान चुरगळून हुंगायला द्या. त्यांच्या पुस्तकातले रसायनशास्त्र तिथेच उगवलेले आहे.