बॉनेटखालील उष्णतारोधक अस्तरासाठी आसंजकाची निवड : चंद्रपूर–गडचिरोलीच्या हवामानाच्या संदर्भात

१. प्रस्तावना
चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसपुढे जाणे ही नवलाची बाब नाही. मे २०१९ च्या अखेरीस तो ४७ अंशांच्याही पुढे गेला होता. अशा उन्हात बल्लारपूर, आष्टी, आलापल्लीमार्गे सिरोंचा वा भामरागडकडे जाणाऱ्या मोटारींच्या बॉनेटखालचे अस्तर सुटून लोंबू लागते. हा बिघाड किरकोळ वाटतो. परंतु सुटलेले अस्तर पट्ट्यात वा पंख्यात अडकू शकते आणि तेल प्यालेले अस्तर तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डला टेकल्यास पेट घेऊ शकते. वाळलेल्या पानांनी झाकलेल्या रानवाटेवर उन्हाळ्यात पेटलेले वाहन म्हणजे केवळ वाहनमालकाचे नुकसान नव्हे. म्हणून हे अस्तर कशाने चिकटवावे, या प्रश्नाचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

२. अस्तराचे कार्य व त्यावरील भार
अस्तर बहुधा काचतंतूंचे किंवा दाबलेल्या नमद्याचे असते. ते इंजिनाचा आवाज शोषते आणि बॉनेटच्या रंगाचे उष्णतेपासून रक्षण करते. काही अस्तरांना इंजिनाच्या बाजूने चकचकीत धातूचा पापुद्रा असतो. तो उष्णतेचे किरण परावर्तित करतो.

एक चौरस मीटर अस्तराचे वजन सुमारे एक किलोग्रॅम धरल्यास आसंजकावर प्रत्येक चौरस मीटरला केवळ १० न्यूटन एवढा ताण येतो. कोणतेही सामान्य आसंजक याच्या हजारो पट ताण सहज पेलते. मग अस्तर सुटते का? कारण प्रश्न बळाचा नसून तापमानाचा आहे. ‘सर्वांत मजबूत’ आसंजक मागणारा ग्राहक येथेच चुकतो.

३. बॉनेटखालील तापमान
वाहन धावत असताना वारा आणि पंखा इंजिनाला थंड ठेवतात. वाहन थांबले की हा प्रवाह बंद होतो, इंजिनात साठलेली उष्णता वर चढते आणि बॉनेटखाली कोंडते. वरून ऊन पत्र्याला तापवीतच असते. अशा वेळी अस्तराजवळचे तापमान ९० ते १०० अंशांच्या आसपास जाऊ शकते. म्हणजेच आसंजकाची खरी कसोटी प्रवासात नव्हे, तर प्रवास संपल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासात लागते.

शिवाय पोलादाचा एक मीटर लांबीचा पत्रा ७० अंशांनी तापल्यास सुमारे ०.८ मिलिमीटरने वाढतो. अस्तर त्याच प्रमाणात वाढत नाही. रोजच्या या ओढाताणीत ठिसूळ आसंजकाला तडे जातात, लवचीक आसंजक टिकते.

४. उपलब्ध पर्यायांचा विचार
(अ) वनोपज : या जिल्ह्यांना डिंक आणि लाख नवी नाही. परंतु डिंक पाण्यात विरघळतो, तर लाख साधारणपणे ६५ ते ८० अंशांदरम्यान मऊ होऊन वितळते. बांगड्या घडविणाऱ्या कारागिराला लाखेचा जो गुण उपयोगी पडतो, तोच येथे दोष ठरतो.

(आ) सुतारकामाचा पांढरा गोंद : त्यातील पॉलिव्हिनाइल ॲसिटेट सुमारे ३० ते ४० अंशांनाच मऊ होऊ लागते. चंद्रपूरच्या मे महिन्यात ही मर्यादा सावलीतच ओलांडली जाते.

(इ) तापवून लावण्याच्या गोंदकांड्या : उष्णतेने वितळणे हाच त्यांचा धर्म असल्याने त्या येथे निरुपयोगी होत.

(ई) घरगुती इपॉक्सी : बळकट, पण ताठर. सामान्य तापमानाला घट्ट झालेली अनेक इपॉक्सी ६० अंशांच्या आसपास बळ गमावू लागतात.

(उ) निओप्रीनयुक्त कृत्रिम रबर आसंजक : लवचीक असल्याने योग्य, मात्र साधा प्रकार ७०–८० अंशांपर्यंतच भरवशाचा असतो. डब्यावर किमान १०० अंशांची मर्यादा नमूद असलेला उष्णतारोधक प्रकारच घ्यावा.

(ऊ) सिलिकोन : २०० अंशांपर्यंत टिकते आणि लवचीक राहते. व्हिनेगरसारखा वास येणारा प्रकार पत्र्यास गंज आणू शकतो. म्हणून ‘न्यूट्रल’ प्रकार निवडावा. ते घट्ट होईपर्यंत, म्हणजे सुमारे एक दिवस, अस्तराला आधार द्यावा लागतो. ज्या जागी सिलिकोन लागले तेथे पुढे रंग धरत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

५. लावण्याची पद्धत व ऋतू
अनेकदा आसंजक सुटत नाही. अस्तराचाच वरचा थर फाटतो आणि थोडे तंतू पत्र्याला चिकटलेले राहतात. असे दिसल्यास अस्तर जीर्ण झाले असे समजून ते बदलावे. तेल प्यालेले अस्तरही पुन्हा चिकटवू नये.

पत्र्यावरील जुना गोंद, तेल व धूळ पूर्णपणे काढावी. रबर आसंजक दोन्ही पृष्ठभागांना लावून, बोटाला चिकटेनासे झाल्यावरच दाबावे. नमदा गोंद शोषून घेत असल्याने त्यास दुसरा हात द्यावा. भर दुपारी तापलेल्या पत्र्यावर द्रावक क्षणात उडते व पकड बसत नाही. पावसाळ्यात द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होऊन त्यावर दव धरते व पकड दुबळी होते. त्यामुळे हिवाळा किंवा उन्हाळ्यातील पहाट ही वेळ योग्य. द्रावकाची वाफ ज्वालाग्राही असल्याने इंजिन थंड असावे, बॅटरीची जोडणी काढावी आणि काम मोकळ्या हवेत करावे. काचतंतू हाताळताना हातमोजे व मुखपट्टी वापरावी.

६. एक सोपा प्रयोग
सपाट बुडाच्या पोलादी डब्याला बाहेरून, बुडाशी, १० सेंटिमीटर लांबी-रुंदीचा अस्तराचा तुकडा चिकटवावा. या तुकड्याचे स्वतःचे वजन सुमारे १० ग्रॅम असते. त्याला १०० ग्रॅमचे वजन अडकवल्यास सुमारे दहापट भाराची कसोटी होते. आसंजक पूर्ण वाळल्यावर डबा भक्कम टांगून त्यात जपून उकळते पाणी ओतावे आणि पाणी निवू लागताच बदलत राहावे. अर्ध्या तासात कडा सुटली नाही, तर ते आसंजक विचारात घेण्याजोगे आहे. पदवी वर्गाच्या प्रयोगशाळेतही हा प्रयोग करून बहुवारिकांचे मृदूकरण विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष दाखविता येईल.

७. निष्कर्ष
आसंजकाची निवड त्याच्या बळावर नव्हे, तर तापमानमर्यादा व लवचीकता यांवर करावी. उष्णतारोधक निओप्रीन किंवा न्यूट्रल सिलिकोन हे दोन पर्याय या प्रदेशात ग्राह्य ठरतात. परंतु अनेक वाहनांत अस्तराचा भार मुळात प्लास्टिकच्या खुंट्या पेलतात. त्या तुटल्या असतील तर प्रथम त्याच नव्या बसवाव्यात. भार खुंट्यांनी उचलावा आणि आसंजकाने कडा फडफडू देऊ नयेत, ही विभागणी सर्वांत सुरक्षित होय. ज्या रस्त्यावर पुढचे गॅरेज कित्येक किलोमीटर दूर असते, तेथे एकाच आधारावर विसंबणे योग्य नव्हे.