काजवे बघायला या, पण बॅटरी बंद ठेवून

सुट्टीत मुलांना कुठे न्यावं, असं गटाच्या बैठकीत हमखास विचारलं जातं. आम्ही सांगतो, अकोले तालुक्यात भंडारदऱ्याला. मे अखेरपासून जूनचा जोरदार पाऊस लागेपर्यंत इथली हिरडा, बेहडा, सादड्याची झाडं रात्री काजव्यांनी लखलखतात.

हा उजेड म्हणजे काजव्यांचं बोलणं. नर उडता उडता चमकून खूण करतो, गवताझुडपात बसलेली मादी चमकून उत्तर देते. जोडी जमली की मादी ओलसर मातीत अंडी घालते. पंख फुटल्यावर काजवा जेमतेम दोन-तीन आठवडे जगतो. तेवढ्यात गाडीच्या दिव्यांचा, मोबाइलचा झोत पडला की एकमेकांची खूण दिसत नाही. जोडीच जमली नाही, तर पुढे काजवे येणार कुठून? आणि काजवे नसतील तर पाहुणे तरी कशाला येतील? पाहुण्यांना पिठलं-भाकरी रांधून चार पैसे मिळवणाऱ्या बायांचा हंगामही जाईल.

म्हणून गाडी लांब उभी करा, दिवे मालवा. बंद बूट घाला, मुलांचा हात धरा. पायवाट सोडू नका, गवतातल्या माद्या पायाखाली येतात. काजवे बाटलीत भरू नका.

दुसऱ्या दिवशी रतनवाडीचं अमृतेश्वराचं दगडी देऊळ दाखवा. मुलं मोठी असतील तर पहाटेच कळसूबाई चढा. राज्यातलं हे सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर. पाणी भरपूर घ्या. लोखंडी शिड्यांवर मुलाच्या पुढे एक, मागे एक मोठं माणूस हवंच.