ब्ल्यूबेरी, शोभेची

(लॅ. व्हॅक्सिनियम कोरिंबोसम व त्याच वंशातील काही जाती, कुल–एरिकेसी). हे पानझडी झुडूप मूळचे उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातील असून आंबट-गोड निळ्या फळांमुळे ते जगभर परिचित झाले आहे. तथापि शीत व समशीतोष्ण प्रदेशांतील परसबागांत ते फळांइतकेच शोभेसाठीही लावतात. वसंतात घंटाकृती फुले, उन्हाळ्यात निळी फळे, शरदात लाल पाने आणि हिवाळ्यात तांबूस फांद्या अशी चारही ऋतूंत निरनिराळी शोभा देणारी झुडपे थोडी आहेत. त्यांत याची गणना होते. ऱ्होडोडेंड्रॉन, अझेलिया व हीथर या एरिकेसी कुलातीलच शोभेच्या वनस्पतींप्रमाणे याला अम्ल जमीन लागते. इतर बहुतेक बागायती झाडांना जी जमीन उत्तम समजतात, ती याला मारक ठरते. एवढी एक गोष्ट ध्यानात न घेतल्यामुळे हौसेने लावलेली अनेक रोपे दोन-तीन वर्षांतच मरतात.

वर्णन : उंच ब्ल्यूबेरीचे झुडूप साधारणपणे १.५–२.५ मी. उंच असते. बुंध्यापासून अनेक सरळ फांद्या निघतात. कोवळ्या फांद्यांचा रंग हिरवट पिवळा असून थंडीत तो तांबूस होतो. पाने साधी, एकाआड एक, लंबवर्तुळाकृती व ३–८ सेंमी. लांब असतात. फुले पांढरी किंवा फिकट गुलाबी असून लोंबत्या मंजऱ्यांवर येतात. पाकळ्या जुळून लहान तोंडाच्या कुंभासारखा पुष्पमुकुट बनतो. परागकोशाला टोकाशी छिद्रे असतात व पराग त्यांतून बाहेर पडतात. भुंग्यासारख्या मोठ्या रानमाश्या फुलाला लोंबकळून पंखांच्या स्नायूंनी कंप निर्माण करतात व पराग झटकून घेतात. मधमाश्यांना हे साधत नाही. त्यामुळे त्यांच्याकडून होणारे परागण कमी प्रभावी असते. मृदुफळे फुलोऱ्यानंतर सु. दोन ते तीन महिन्यांनी पिकतात. फळाच्या टोकाशी संवर्ताच्या पाच दलांचा लहानसा मुकुट शिल्लक राहतो.

फळाच्या सालीतील अँथोसायानिन रंगद्रव्ये वस्तुतः गडद तांबडी असतात. फळ निळे दिसते ते सालीवरील मेणाच्या अत्यंत पातळ थरामुळे. या मेणाच्या सूक्ष्म रचनेवरून निळा व जंबुपार प्रकाश विखुरला जातो, असे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले आहे. बोटाने चोळल्यास हा थर निघून फळ काळपट दिसू लागते, हे त्यामुळेच.

प्रकार : उद्यानाच्या दृष्टीने यांचे पाच गट पडतात. (१) उत्तरेकडील उंच ब्ल्यूबेरी (व्हॅ. कोरिंबोसम) : ‘ब्ल्यूक्रॉप’, ‘जर्सी’ इ. प्रकार. कुंपणालगतच्या रांगेसाठी किंवा झुडपांच्या ताटव्यात मागील बाजूस लावण्यास योग्य. (२) ठेंगणी ब्ल्यूबेरी (व्हॅ. अँगस्टिफोलियम) : उंची गुडघ्याच्या आतबाहेर, जमिनीखालील खोडांनी पसरत असल्याने उतारावर भूआच्छादन म्हणून उपयुक्त. (३) मध्यम उंचीची संकरित ब्ल्यूबेरी : वरील दोन जातींच्या संकरापासून मिळविलेली. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाने प्रसारित केलेले ‘नॉर्थब्ल्यू’ व ‘नॉर्थस्काय’ (१९८३) आणि ‘नॉर्थकंट्री’ (१९८६) हे प्रकार कडक हिवाळ्यात टिकतात. ‘नॉर्थस्काय’ची उंची सु. ४५ सेंमी. असल्याने ते वाफ्याच्या कडेला शोभते. ‘टॉप हॅट’ हा बुटका प्रकार कुंडीत लावतात. (४) दक्षिणेकडील उंच ब्ल्यूबेरी : फ्लॉरिडातील सदापर्णी व्हॅ. डॅरोई या जातीशी संकर करून निर्माण केलेली. हिला थंडी कमी लागते. (५) ‘रॅबिटआय’ ब्ल्यूबेरी (व्हॅ. व्हर्गॅटम) : अमेरिकेच्या आग्नेय भागातील जोमदार, उंच व उष्णता सहन करणारी जाती. याखेरीज पिकलेली फळे गुलाबी राहणारा ‘पिंक लेमोनेड’ हा संकरित प्रकार केवळ नवलाईमुळे बागांतून लोकप्रिय झाला आहे.

इतिहास : उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवासी ही फळे शतकानुशतके रानातून गोळा करून खात व वाळवून साठवीत. मात्र विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत ब्ल्यूबेरी बागेत वाढत नाही, असाच समज होता. अमेरिकेच्या कृषी खात्यातील वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी १९०६ मध्ये या प्रश्नावर प्रयोग सुरू केले व त्यांचे निष्कर्ष १९१० मध्ये प्रसिद्ध केले. भरपूर खत व चुना घातलेल्या सुपीक बागेच्या मातीत रोपे खुरटतात आणि पीटयुक्त अम्ल मातीत तीच रोपे जोमाने वाढतात, असे त्यांनी दाखवून दिले. आजवर बागाईतदारांनी रोपांची जी चांगली निगा राखली होती, तीच त्यांच्या नाशाला कारण झाली होती.

हे निष्कर्ष वाचून न्यू जर्सीतील व्हाइट्सबॉग येथे क्रॅनबेरीची शेती करणाऱ्या घराण्यातील एलिझाबेथ व्हाइट यांनी १९११ मध्ये कोव्हिल यांना आपली जमीन व सहकार्य देऊ केले. रानाची माहिती असलेल्या स्थानिक लोकांना त्यांनी सु. १६ मिमी. व्यासाचे छिद्र असलेली पट्टी दिली. त्या छिद्रातून खाली न पडणारी मोठी फळे देणारे झुडूप शोधून आणणाऱ्यास मोबदला मिळे आणि झुडपाला बहुधा शोधणाऱ्याचे नाव दिले जाई. ‘रूबेल’ हा असा रानातून निवडलेला प्रकार आजही लागवडीत आहे. १९१६ मध्ये व्हाइट्सबॉगचे पहिले पीक बाजारात गेले. पुढे व्हाइट यांनी शोभेचे झुडूप म्हणूनही ब्ल्यूबेरीचा प्रसार केला.

जमीन : ब्ल्यूबेरीला ४.५ ते ५.५ पीएच मूल्याची, भुसभुशीत, सेंद्रिय द्रव्याने समृद्ध व पाण्याचा निचरा होणारी जमीन लागते. याचे कारण तिच्या मुळांत आहे. ती बारीक तंतूंसारखी व उथळ असून त्यांना मूलरोम नसतात. मूलरोमांचे काम बऱ्याच अंशी मुळांच्या पेशींत राहणारी सहजीवी कवके करतात व अम्ल मातीतील सेंद्रिय पदार्थांतून नायट्रोजन मिळवून देतात. पीएच मूल्य वाढले की मातीतील लोह अविद्राव्य होते; कोवळी पाने पिवळी पडतात, पण शिरा हिरव्या राहतात. या केवड्यावर लोहयुक्त द्रव्य फवारल्यास तात्पुरता गुण येतो. मूळ दोष मातीत असल्याने तो पुन्हा उद्‌भवतो.

यासाठी लागवडीपूर्वी मातीची तपासणी करणे आवश्यक असते. पीएच मूल्य ६ असल्यास ते ४.५ वर आणण्यास रेताड जमिनीत दर चौ. मी. ला सु. ६० ग्रॅ., तर पोयट्याच्या जमिनीत सु. १७० ग्रॅ. गंधकाची भुकटी मिसळतात. मातीतील सूक्ष्मजंतू गंधकाचे सल्फ्यूरिक अम्लात रूपांतर करतात. या क्रियेस कित्येक महिने लागत असल्यामुळे गंधक लागवडीच्या आधीच्या वर्षी घालणे इष्ट असते. चुनखडी असलेल्या जमिनीत मात्र तयार होणारे अम्ल लागलीच उदासीन होते व कितीही गंधक घातले तरी उपयोग होत नाही. अशा ठिकाणी माती बदलण्याच्या खटाटोपात न पडता पीट, पाइनच्या सालीचा चुरा व वाळू यांचे मिश्रण भरलेले उंच वाफे किंवा मोठ्या कुंड्या वापरणे शहाणपणाचे ठरते.

हवामान : हिवाळ्यात झुडूप सुप्तावस्थेत जाते व पुरेशी थंडी मिळाल्याखेरीज त्याच्या कळ्या उमलत नाहीत. उबदार काचगृहात ठेवलेली रोपे वसंतातही निद्रिस्तच राहतात, हे कोव्हिल यांनीच १९२० मध्ये प्रसिद्ध केले. उत्तरेकडील प्रकारांना सु. ७° से. पेक्षा कमी तापमानाचे ८०० ते १,००० तास लागतात. दक्षिणेकडील संकरित प्रकारांना त्यापेक्षा पुष्कळ कमी, काहींना २०० च्या आसपासच तास पुरतात. फळे व शरदातील रंग चांगले येण्यासाठी दिवसातून निदान सहा तास ऊन मिळावे लागते. सावलीत झुडूप जगते. पण त्याची पाने लाल होण्याऐवजी फिकट पिवळसर होऊन गळतात.

लागवड व निगा : दोन-तीन वर्षांची रोपे सुप्तावस्थेत, १.२–१.५ मी. अंतरावर व मूळच्या खोलीइतकीच लावतात. अनेक प्रकार स्वफलनशील असले, तरी दोन भिन्न प्रकार जवळ असल्यास फळे मोठी व अधिक येतात. रॅबिटआय जातीत तर ते आवश्यकच असते. बुंध्याभोवती पाइनची पाने, लाकडाचा भुसा किंवा सालीचा चुरा यांचे ८–१० सेंमी. जाडीचे आच्छादन कायम ठेवतात. मुळे वरच्या थरातच असल्याने खुरपणी करीत नाहीत, तण हाताने उपटतात. पाणी थोडे पण नियमित देतात. क्षारयुक्त जड पाण्याने मातीची अम्लता हळूहळू नाहीशी होते, म्हणून कुंडीतील झुडपांना पावसाचे साठविलेले पाणी उत्तम. नायट्रोजन अमोनियम रूपातच द्यावा लागतो. नायट्रेटाचा उपयोग हे झुडूप फारसा करून घेत नाही. पहिल्या वर्षी दर झुडपास ३० ग्रॅ. हून अधिक अमोनियम सल्फेट देत नाहीत. शेणखत, राख व चुना पूर्णपणे वर्ज्य आहेत.

छाटणी : पहिली एकदोन वर्षे फुले खुडून टाकतात, त्यामुळे झुडूप बळकट होते. पुष्पकळ्या चालू हंगामातील फांद्यांच्या शेंड्यांवर तयार होऊन पुढील वसंतात उमलतात. म्हणून शरदात किंवा हिवाळ्यात मेंदीच्या कुंपणाप्रमाणे वरून कातरल्यास फुले व फळे दोन्ही नाहीशी होतात. चौथ्या वर्षापासून सुप्तावस्थेत दरवर्षी एक-दोन जुन्या फांद्या जमिनीलगत कापतात. नव्या फांद्यांचा रंग अधिक उठावदार असल्याने हिवाळी शोभेलाही ही छाटणी पोषक ठरते.

रोग व किडी : ओल साचल्यास फायटोफ्थोरा या कवकसदृश सूक्ष्मजीवामुळे मूळकूज होते. मोनिलिनिया कवकामुळे फळे आकसून वाळतात व गळून पडतात. ती वेचून नष्ट करतात. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर २००८ मध्ये प्रथम कॅलिफोर्नियात आढळलेली ड्रोसोफिला सुझुकी ही फळमाशी पिकणाऱ्या फळांत अंडी घालते. परसबागेत मात्र सर्वाधिक फळे पक्षी खातात. ती राखण्यासाठी झुडपांवर जाळी टाकतात.

भारतातील स्थिती : व्हॅक्सिनियम वंशातील काही रानटी जाती पूर्व हिमालयात, ईशान्य भारतात व निलगिरीसारख्या दक्षिणेकडील उंच डोंगरांवर आढळतात, वर वर्णिलेल्या अमेरिकन जाती येथे नैसर्गिक रीत्या आढळत नाहीत. महाराष्ट्रात तिच्या लागवडीला दोन अडचणी आहेत. दख्खनच्या पठारावरील काळी जमीन चुनखडीयुक्त व अल्कधर्मी असून तेथील विहिरींचे पाणीही पुष्कळदा जड असते. कोकणातील व महाबळेश्वर परिसरातील जांभ्याची माती अम्ल आहे; परंतु तेथे उत्तरेकडील प्रकारांना पुरेल एवढी थंडी पडत नाही आणि पावसाळ्यात मुळांशी पाणी साचण्याचा धोका असतो. थंडीची अडचण आता दुर्लंघ्य राहिलेली नाही. १९९८ मध्ये अमेरिकेत प्रसारित झालेला ‘बिलॉक्सी’ हा प्रकार पेरूच्या उबदार किनारपट्टीवर पाने न गाळता वाढतो व फळतो. अशा प्रकारांची झुडपे अम्ल मिश्रणाने भरलेल्या, उत्तम निचऱ्याच्या कुंडीत व पावसाच्या पाण्यावर आपल्याकडील हौशी बागाईतदारास वाढविता येतील. मात्र पाने न गळणाऱ्या झुडपात शरदातील लालिमा दिसणार नाही. शोभेचा तेवढा भाग उष्ण प्रदेशात सोडून द्यावा लागतो. ज्याला कुंडी, मिश्रण व पाणी यांची कायमची व्यवस्था ठेवणे शक्य नाही, त्याने काळ्या जमिनीत ब्ल्यूबेरी लावण्यापेक्षा पांढऱ्या सुवासिक फुलांचे व जांभळ्या फळांचे करवंदाचे कुंपण करणे अधिक श्रेयस्कर होय.