दुकानाची जुनी गाडी कोणाच्या हाती?

व्यापारी घरांतून एक रीत रूढ आहे. मुलगा वा मुलगी अठरा वर्षांची झाली, पक्का परवाना हाती आला, की वडील स्वतःसाठी नवी मोटार घेतात आणि दुकानासाठी दहा-बारा वर्षे राबलेली गाडी अपत्याच्या स्वाधीन होते. ‘हात बसेपर्यंत खरचटली तरी हरकत नाही’ हा त्यामागील हिशेब. पत्र्यापुरता तो बिनचूक आहे. मात्र आत बसणाऱ्याचा विचार केला तर तो साफ उलटा पडतो, कारण घरातील सर्वांत अननुभवी चालकाच्या वाट्याला सर्वांत कमी संरक्षण येते.

करकचून ब्रेक दाबल्यावरही चाके जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा नव्या मोटारींना एप्रिल 2019 पासून सक्तीची झाली. चालकापुढील एअरबॅग त्याच वर्षीच्या जुलैपासून. त्याआधीच्या स्वस्त गाड्यांत बहुधा दोन्ही नसतात. घसरू लागलेली गाडी सावरणारी ईएससी यंत्रणा तर दूरच, आणि नवशिक्याला नेमकी तिचीच गरज अधिक.

नवी गाडी घेताना सनरूफवर जितकी चर्चा होते तितकी ताऱ्यांवर व्हावी. 1 ऑक्टोबर 2023 पासून भारत एनकॅपची कसोटी सुरू झाली. तीत ताशी 64 किलोमीटर वेगाने समोरची धडक घडवून मोटार पारखली जाते. जुने तारे मात्र कोणत्या वर्षीचे, हे विचारून घ्यावे. ग्लोबल एनकॅपने 2022 मध्ये आपले निकष कडक केले आहेत. वापरलेली गाडी घ्यावयाची झाल्यास चावी फिरवताच एअरबॅगचा दिवा लागून काही क्षणांत विझतो का, हे पाहावे. तो मुळीच न लागणे हे संशयास्पद लक्षण होय.

अठरा पूर्ण होण्याआधी चावी देणाऱ्या पालकांसाठी 2019 ची कायदादुरुस्ती कठोर आहे: 25,000 रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कारावास, वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. शिवाय परवान्याविना अपघात घडल्यास विमा कंपनी तिऱ्हाइताला दिलेली भरपाई मालकाकडून वसूल करू शकते. पेढीची वर्षांची शिल्लक त्यात जाऊ शकते.

काही घरांत आता वाटप बदलले आहे. जुनी गाडी वडिलांकडेच राहते, घर ते पेढी एवढ्या फेरीपुरती. नवी मुलीकडे, महाविद्यालयासाठी. शेजाऱ्यांना ते लाड वाटतात.