वर्गातील मनी प्लँट : निगा व शिक्षण

मुलांच्या निरीक्षणशक्तीस वळण लावणे हा परिसर अभ्यासाचा एक प्रमुख हेतू होय. वर्गात वाढणारे एखादे लहानसे झाड हे त्यासाठी स्वस्त व नित्य डोळ्यांसमोर राहणारे साधन आहे. नांदेड व लातूर जिल्ह्यांतील शाळांतून मनी प्लँटची वेल हौसेने लावली जाते. परंतु जूनमध्ये लावलेली वेल दिवाळीच्या सुमारास पिवळी पडू लागते व उन्हाळ्यात कुंडी रिकामी होते, असा अनुभव कित्येक शिक्षकांस येतो. याचे कारण निष्काळजीपणा असतोच असे नाही. पुष्कळदा ते अतिकाळजी हे असते.

वेलीचा स्वभाव

ही वेल मूळची प्रशांत महासागरातील सोसायटी बेटांपैकी मूरिया बेटाची. वृक्षांच्या खोडांस धरून, त्यांच्या सावलीत व दमट हवेत वाढणे हा तिचा स्वभाव. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४० अंशांवर जातो व हवा कोरडी असते. यास्तव तिला खिडकीजवळ, परंतु उन्हाची तिरीप थेट पानांवर पडणार नाही अशा जागी ठेवावे. कडक उन्हाने पाने करपतात. अंधाऱ्या कोपऱ्यात वेल लांबट व विरळ होते आणि पानांवरील पिवळसर छटा फिकी पडते. खोलीवर पत्रे असल्यास दुपारी तापणाऱ्या भिंतीपासून कुंडी दूर ठेवावी.

माती व कुंडी

मराठवाड्याची काळी माती कापूस-सोयाबीनला उत्तम असली तरी कुंडीत ती एकटी चालत नाही. ओली असता ती चिकट होऊन पाणी धरून ठेवते व वाळली की भेगाळते. म्हणून माती, वाळू व कुजलेले शेणखत समभाग मिसळावे. कुंडीऐवजी तेलाचा जुना डबा वापरल्यास हरकत नाही. मात्र बुडाशी भोके पाडून त्यांवर खापराचे तुकडे ठेवावेत.

पाणी केव्हा द्यावे

मुळांनाही हवा लागते. मातीच्या कणांमधील पोकळ्या सतत पाण्याने भरून राहिल्या म्हणजे मुळे गुदमरून कुजतात. कुजलेले मूळ पाणी शोषू शकत नाही. त्यामुळे माती ओली असूनही पाने पिवळी पडतात व माना टाकतात. पाहणाऱ्यास वाटते, वेल तहानली आहे; तो आणखी पाणी घालतो आणि वेल मरते.

शाळेत हा प्रकार अधिक घडतो, कारण पाणी घालण्याची रोजची पाळी लावलेली असते. आपली पाळी वाया जाऊ नये म्हणून प्रत्येक मूल तांब्याभर पाणी ओतते. यावर उपाय सोपा आहे. पाळी पाणी घालण्याची नसून तपासण्याची असावी. पाळीच्या विद्यार्थ्याने बोट दोन पेरे मातीत घालून पाहावे. ओल लागली तर पाणी देऊ नये. माती कोरडी लागली तरच बुडातून पाणी झिरपेपर्यंत द्यावे. तपासणीची नोंद वहीत करावी. उन्हाळ्यात पाणी वरचेवर लागेल, पावसाळ्यात व थंडीत फार कमी.

एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा प्रदेशात वाढणाऱ्या मुलास गरज पाहून पाणी देण्याची सवय लागणे, ही गोष्ट कुंडीपुरती राहत नाही. मुलांच्या बाटल्यांत उरलेले पाणी वेलीस पुरेसे होते.

नवी रोपे व प्रयोग

या वेलीस फुले येणे अत्यंत दुर्मीळ असल्याने तिची वाढ पेरांपासूनच करतात. उसाच्या टिपरीवरील डोळा मुलांच्या परिचयाचा आहे, तेथून आरंभ करावा. पेर असलेला एक तुकडा व पेर नसलेले नुसते एक पान निरनिराळ्या पेल्यांतील पाण्यात ठेवावे. पेर असलेल्या तुकड्यातून मुळे व पुढे नवा अंकुर फुटतो. नुसत्या पानापासून नवी वेल होत नाही. दर आठवड्यास मुलांकडून चित्र काढून घ्यावे.

दोन सावधगिऱ्या

ही वेल अळूच्या कुळातील आहे. कच्च्या अळूने घसा खाजतो, तसेच कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक हिच्याही पानांत व देठांत असतात. पान चावल्यास तोंडाची आग होते व सूज येते. म्हणून कुंडी अंगणवाडीच्या बालकांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी व छाटणीनंतर हात साबणाने धुवावेत. कोणी पान चावलेच, तर तोंड पाण्याने स्वच्छ करून मुलास प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे.

दुसरी गोष्ट डासांची. डेंग्यूचा प्रसार करणारा डास घरातील स्वच्छ, साचलेल्या पाण्यातही अंडी घालतो. पाण्यात ठेवलेल्या वेलीचे पाणी आठवड्यातून एकदा बदलावे व अंडी भांड्याच्या कडेस चिकटून राहत असल्याने भांडे आतून घासावे. कुंडीखालील बशीही कोरडी करावी.

उन्हाळी सुटी

बंद खोलीत वेल टिकत नाही. सुटीपूर्वी लांब फांद्या छाटून वरच्या वर्गातील मुलांस एकेक पेरदार तुकडा घरी द्यावा व वरील दोन्ही सावधगिऱ्या समजावून सांगाव्यात. मूळ कुंडी गावातच राहणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याच्या घरी सावलीत ठेवावी व तपासणीची वहीही सोबत द्यावी. शाळा उघडल्यावर मुलांनी आणलेली रोपे मोजावीत, जी जगली नाहीत त्यांची कारणे वहीच्या आधारे वर्गात शोधावीत आणि नव्या वर्षाची तपासणीची पाळी त्याच दिवशी लावावी.