पदपथ कोणासाठी?

रस्त्याने चालण्याचा हक्क आपल्याला कोणी दान दिलेला नाही. १९२४ साली वायकोमला देवळाभोवतीच्या रस्त्यांसाठी सत्याग्रह करावा लागला. पुढे घटनेच्या कलम १५ ने सार्वजनिक रस्त्यांवरील भेदभावाला बंदी घातली. पण चालायला जागाच नसेल, तर तो हक्क बजावायचा कुठे? इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी सांगितले होते : निवासी भागात पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर, बाजारपेठेत २.५ मीटर, उंची १५० मिलिमीटरहून अधिक नको. झाडे, खांब या रुंदीत धरायचे नाहीत. मात्र तत्त्वे आपोआप अंमलात येत नाहीत. पायी कामावर जाणाऱ्या बाईची वाट नव्या वसाहतीच्या नकाशातच ठरते. तो नकाशा कार्यकर्त्यांनी मंजुरीआधीच मागावा आणि पट्टी लावून तपासावा.